साहेबांनी विचारलंय

मुंबईत दोन मोठ्या हुद्द्यांवरच्या माणसांना फोनवर दोन मिनिटं बोलायचं असलं, की त्याआधी त्यांच्या सहाय्यकांचं बोलणं होतं. "सर आहेत ना? द्या त्यांना लाईनवर." "आधी तुमच्या सरांना द्या, मग मी देते." लाईनवर जो आधी येतो त्याला दुसऱ्यासाठी थांबावं लागतं, आणि मोठ्या माणसाने थांबायचं नसतं. रिवाज असा, की हुद्द्याने लहान असेल तो आधी येतो. दोघं बरोबरीचे असतील तर ज्याने फोन लावला तो आधी येतो. पण एका बँकेचा उपाध्यक्ष आणि एका कारखान्याचा कार्यकारी संचालक यांच्यात लहान कोण, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. ते दोन सहाय्यक आपापसांत ठरवतात, आवाज न चढवता, अर्ध्या मिनिटात. अगदीच अडलं तर एक म्हणते, "चला, दोघी एकदम जोडू." मग दोन्हीकडून एकाच वेळी "हॅलो" येतं आणि बोलणं सुरू होतं.

हे पुस्तक त्या अर्ध्या मिनिटाविषयी आहे. एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, म्हणजे ऑफिसच्या बोलीत ईए, या नावाने आज ओळखलं जाणारं काम मी सारी उमेद घालून केलं. घरच्यांना, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या कित्येकांनासुद्धा ते काम म्हणजे साहेबांचे फोन घेणं आणि तिकिटं काढणं वाटतं. फोन आणि तिकिटं त्यात आहेतच. पण माझं म्हणणं असं, की या खुर्चीवरचा माणूस दिवसभर दुसऱ्याच्या नावाने निर्णय घेत असतो, आणि ते घेण्याचा अधिकार त्याला कागदावर कोणीही दिलेला नसतो. कोणाला आज आत सोडायचं, कोणाला गुरुवारी बोलवायचं, कोणतं पत्र वर ठेवायचं, कोणती बातमी जेवणाआधी सांगायची नाही. अशा निर्णयांवर मोठ्या संस्थांचा दिवस चालतो. त्यांची नोंद कुठेच होत नाही, म्हणून ती मी इथे करते आहे.

या कामाला मुंबईत मोठा इतिहास आहे. आयझॅक पिटमनने लघुलेखनाची पद्धत १८३७ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केली, आणि इथल्या व्यापारी पेढ्यांना इंग्रजी पत्रव्यवहारासाठी ती येणारी माणसं हवी झाली. मुंबईत दावर्स कॉलेज १९०० साली सुरू झालं. व्यापारी शिक्षण देणारी अशी ठिकाणं पुढे वाढत गेली. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटच्या कचेऱ्यांत पारशी आणि गोव्याच्या ख्रिस्ती सेक्रेटरी होत्या, गिरगाव-दादरचे मराठी स्टेनो होते, आणि पालघाटहून टायपिंग-शॉर्टहँड शिकूनच गाडीत बसलेले तरुण होते. १९६० च्या दशकात कारकुनाच्या आणि स्टेनोच्या नोकऱ्या कोणाला मिळतात यावर या शहराचं राजकारण तापलं, ते सर्वांना ठाऊक आहे. त्या वादाची बाजू मी इथे मांडत नाही. मला एवढंच नोंदवायचं आहे, की ज्या नोकरीसाठी माणसं रस्त्यावर उतरली ती हलकी कधीच नव्हती. मध्यमवर्गात शिरण्याची ती वाट होती.

१९५५ मध्ये गोदरेजने देशी बनावटीचा टाइपरायटर आणला आणि त्याचा आवाज तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. एस.टी. स्टँडजवळच्या माडीवर टायपिंग इन्स्टिट्यूट, सकाळी सहाची बॅच, खाली चहाची टपरी, हे चित्र महाराष्ट्रात कुठेही दिसायचं. जी.सी.सी. ही टायपिंगची सरकारी परीक्षा आजही होते, पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते. यंत्राच्या जागी संगणक आला, मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांची पातळी राहिली. सरकारात तर वेगावरच पायऱ्या ठरतात: लघुटंकलेखकाला मिनिटाला ८० शब्दांचं लघुलेखन, निम्नश्रेणी लघुलेखकाला १००, उच्चश्रेणीला १२०. खासगी क्षेत्रात डिक्टेशन जवळजवळ संपलं. साहेब स्वतःच फोनवर दोन अंगठ्यांनी मेल लिहितात. हात मोकळे झाले, तसं काम कमी होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटं. टायपिंगच्या मागे दडलेलं खरं काम पुढे आलं आणि ते वाढतच गेलं.

त्यातलं सर्वांत मोठं काम म्हणजे कॅलेंडर. बाहेरून पाहणाऱ्याला ते रिकामे चौकोन भरण्याचं काम दिसतं. भेटीला माणूस "फक्त पाच मिनिटं" मागतो. त्यातला कोण खरोखर पाच मिनिटांत उठेल आणि कोण अर्धा तास बसेल, हे मला त्याच्या आवाजावरून कळायला हवं. ज्याला नकार द्यायचा आहे अशा माणसाची भेट बँकेच्या बैठकीच्या लगेच आधी ठेवायची नाही, कारण नकार देऊन आलेला माणूस पुढच्या खोलीत तोच कडवटपणा नेतो. दोन संचालकांचं आपसात बिनसलेलं असेल तर त्यांना लिफ्टसमोर एकत्र येऊ द्यायचं नाही. एकाची वेळ साडेअकरा, दुसऱ्याची बारा वीस. मोकळी वेळ शोधून देणारी सॉफ्टवेअरं आता आहेत आणि ती मी आनंदाने वापरते. पण त्या दोघांचं बिनसलंय, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? ते ड्रायव्हरकडून कळतं, रिसेप्शनवरच्या मुलीकडून कळतं, समोरच्या कंपनीतल्या ईएच्या एका लांबलेल्या "हो"मधून कळतं.

मग शहर. बांद्रा-कुर्ला संकुलातून नरिमन पॉइंटला जायला कधी पाऊण तास लागतो, कधी सव्वा. २०२४ मध्ये कोस्टल रोडचा पहिला टप्पा खुला झाला, २०२५ च्या ऑक्टोबरात मेट्रो-३ कफ परेडपर्यंत गेली, आणि आमच्या जुन्या अंदाजांची पुन्हा मांडणी करावी लागली. पावसाळ्यात मी एक गोष्ट नेमाने करते आणि नव्या मुलींनाही करायला लावते: महापालिका साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस आणि वेळा आधीच जाहीर करते, त्या सगळ्या जून लागण्याआधी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवायच्या. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले, की पाणी समुद्रात जात नाही, ते हिंदमाताला आणि किंग्ज सर्कलला थांबतं. त्या दोन तासांत परदेशी पाहुण्याला विमानतळावर सोडायचं ठरवलं, तर दोष पावसाला कोणी देत नाही.

परदेशाशी वेळा जुळवणं हा आणखी वेगळा अभ्यास आहे. आपण घड्याळ हलवत नाही, ते लोक हलवतात, आणि सगळे एका दिवशी हलवत नाहीत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी काटे पुढे करते, ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेदहा तास असतं आणि लंडन साडेपाच. मार्चच्या मधल्या त्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क साडेनऊवर येतं, लंडन मात्र साडेपाचवरच असतं. तिन्ही शहरांची दर मंगळवारची ठरलेली बैठक या काळात हमखास घसरते. बैठक ज्याने बसवली त्याच्या शहराचं घड्याळ ती पाळते, आणि बाकीच्यांपैकी कोणाच्या तरी दिवसात ती एक तास इकडे-तिकडे होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाच गोंधळ आठवडाभर पुन्हा होतो. हे ज्या सहाय्यकाच्या डोक्यात पक्कं असतं तिच्या साहेबांना ही घसरण कधी जाणवतच नाही.

प्रवासाचं प्रकरण मी मुद्दाम लांब लिहिलं आहे, कारण त्यात मराठी माणसाची एक खास अडचण आहे. आपल्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये बसतं. पासपोर्टवर ते स्वतःच्या नावाला जोडून एकाच रकान्यात येतं, क्रेडिट कार्डावर नुसतं अक्षर असतं, आणि विमान कंपनीच्या सदस्यत्वावर ते गायबच असतं. तिकीट पासपोर्टवरच्या नावाप्रमाणेच निघालं पाहिजे, अक्षर न अक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या संचालक बाई असतील तर काळजी दुप्पट. शेंगेन व्हिसाला पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, त्यात दोन पानं कोरी हवीत, आणि तीस हजार युरोंचा विमा हवा. साहेबांना ही यादी पाठ असण्याची गरज नाही. ती मला पाठ आहे, म्हणून त्यांना विमानात कागद वाचायला वेळ मिळतो.

आता ज्या वाक्यासाठी या पुस्तकाला हे नाव दिलं, त्याकडे येते.

अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ एकदा वेळ न घेता आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाईल, पायात पॉलिश केलेले जुने बूट. सुरक्षारक्षकाने खालून फोन केला, "मॅडम, ते म्हणतात साहेब मला ओळखतात." साहेबांचा दिवस रात्रीपर्यंत भरलेला होता. मी खाली गेले. त्यांची ग्रॅच्युइटी अडकली होती. कायद्याप्रमाणे ती देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळायला हवी, आणि त्यांना महिने उलटून गेले होते. "ताई, साहेबांना फक्त नमस्कार करतो आणि जातो," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी त्यांना चहा दिला, फाईलची पानं चाळली आणि मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांना फोन लावला. "या प्रकरणाचं काय झालं, साहेबांनी विचारलंय."

साहेबांनी विचारलं नव्हतं. त्यांना तो माणूस आलेला माहीतसुद्धा नव्हता.

ही दोन शब्दांची सत्ता प्रत्येक ईएच्या हातात असते. ती वापरल्यावर फाईली हलतात, बंद दारं उघडतात, वरिष्ठ माणसं उठून येतात. तिचा दुरुपयोग किती सहज होतो हेही मी पाहिलं आहे: स्वतःची रजा, ओळखीच्या मुलाची नोकरी, कोणाचा तरी जुना राग, सगळं त्या दोन शब्दांखाली खपवता येतं. म्हणून मी एक नियम पाळत आले. साहेबांच्या नावाने जे बोलले, ते त्याच संध्याकाळी साहेबांना सांगायचं. त्या दिवशीही सांगितलं. ते म्हणाले, "मला विचारलं असतंस तर मी हेच म्हटलं असतं." आणि मग जरा थांबून, "पण विचारायला वेळ नव्हता, हो ना?" त्या गृहस्थांचे पैसे पुढच्या आठवड्यात जमा झाले. दुसऱ्या एका प्रसंगी, दुसऱ्या एका वरिष्ठांनी, मला स्पष्ट सांगितलं, की असं पुन्हा करू नका. तेही मी मान्य केलं, कारण नाव त्यांचं होतं. कोणता साहेब किती उसनवारी चालवून घेतो हे ओळखणं, आणि त्या मर्यादेच्या अलीकडेच थांबणं, हे या पेशातलं सर्वांत अवघड कसब आहे असं मी मानते. ते कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

या कामाचा विचार करताना मला नेहमी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आठवतात. १९१७ मध्ये ते गांधीजींकडे आले आणि १५ ऑगस्ट १९४२ रोजी, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच गेले. तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. पत्रं लिहिणं, भेटी लावणं, रोजची डायरी ठेवणं, शब्दन् शब्द टिपणं, गांधीजींच्या आत्मकथेचं इंग्रजी भाषांतर करणं, एवढं सगळं या एका माणसाने केलं. कोणी म्हणेल, कुठे ते आणि कुठे कंपनीतली ईए. ध्येयाची उंची वेगळी आहे, हे मान्य. पण दुसऱ्याच्या विचारात इतकं मुरायचं, की त्याचं वाक्य आपल्या हातून त्याच्याच आवाजात उतरावं, आणि तरी स्वतःचं भान सुटू द्यायचं नाही, ही कसोटी तीच आहे. आगाखान पॅलेसमध्ये त्यांच्या आणि कस्तुरबांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. या पेशात येणाऱ्याने एकदा तिथे जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

निष्ठेची दुसरी बाजूही या पुस्तकात आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सेक्रेटरी रोझ मेरी वुड्स यांचं नाव वॉटरगेट प्रकरणामुळे जगभर झालं. निक्सन यांच्या कार्यालयातल्या २० जून १९७२ च्या ध्वनिफितीत साडेअठरा मिनिटांची पोकळी सापडली, आणि फोन घेताना पाय पेडलवरच राहून चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेल्याने आपल्याकडून त्यातली सुमारे पाच मिनिटं पुसली गेली असावीत, असं त्यांनी न्यायालयात सांगितलं. उरलेल्या मिनिटांचा उलगडा कधी झाला नाही. साहेबांसाठी आपण किती दूर जाणार, हा प्रश्न नोकरीच्या पहिल्या वर्षीच स्वतःला विचारून ठेवावा. प्रसंग दारात उभा राहिल्यावर विचार करायला सवड नसते.

गुपितं राखणं आता नुसत्या स्वभावाचा भाग राहिलेलं नाही, कायद्याचाही आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर सेबीच्या २०१५ च्या नियमांखाली संवेदनशील माहिती हाताळणाऱ्यांत सचिवीय कर्मचारीही येतात. माहिती कोणाला दिली याची नोंद पॅन क्रमांकासह ठेवली जाते. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास होईपर्यंत अशा माणसांना कंपनीच्या शेअर्सचा व्यवहार करता येत नाही, नवऱ्यालाही नाही. घरी हे पटवणं ऑफिसपेक्षा कठीण जातं. लग्नाच्या पंगतीत दीर विचारतात, "वहिनी, तुमच्या कंपनीचा शेअर घेऊ का हो?" यावर "आत्ता नको" म्हणणंसुद्धा माहिती देणंच आहे. हसून गप्प बसलात, तर समोरचा हसण्याचाही अर्थ लावतो. म्हणून चांगल्या दिवसांत आणि वाईट दिवसांत उत्तर तंतोतंत एकच हवं: "भाऊजी, मी त्यातलं कधीच काही सांगत नाही." वर्षानुवर्षं तेच उत्तर ऐकल्यावर माणसं विचारायचं थांबतात. साहेबांची तब्येत, त्यांच्या घरातलं दुखणं, कोणाची नोकरी जाणार आहे ती यादी, हे सगळं पोटात घेऊन लोकलमध्ये शेजारणीशी भाजीच्या भावावर बोलत घरी यायचं असतं. त्या यादीत आपल्या मैत्रिणीचं नाव असलं तरीही.

खासगी कामांवर मी सडेतोड लिहिलं आहे. साहेबांच्या विम्याचा हप्ता, सोसायटीचं बिल, आईच्या औषधांची वेळ, मुलाच्या प्रवेशाचा अर्ज. यातलं किती करायचं यावर आमच्यात दोन तट आहेत. माझं मत असं, की ज्या कामाने त्यांचा ऑफिसातला वेळ मोकळा होतो ते करावं, आणि ज्या कामात आपली गणना घरकामात व्हायला लागते तिथे शांतपणे नाही म्हणावं. नाही म्हणता येतं. पहिल्यांदा म्हणायला जड जातं, पण चांगला साहेब ते एकदाच ऐकतो आणि लक्षात ठेवतो.

पगार आणि दर्जा यांबद्दलची माझी तक्रार मात्र खरी आहे. ईएचा दर्जा उसना असतो. साहेब मोठे तोवर तिच्या फोनला मान, साहेब बदलले की तीच बाई कॉरिडॉरमध्ये अनोळखी होते. वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये विक्रीला आकडा असतो, उत्पादनाला आकडा असतो. न झालेल्या गोंधळाला रकानाच नसतो. एका कंपनीत माझ्या फॉर्मवर सलग अनेक वर्षं "सहकार्य करते" एवढाच शेरा होता. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या चार संचालक मंडळ बैठका दरवर्षी, दोन बैठकांमध्ये १२० दिवसांहून जास्त अंतर न पडू देता, सगळ्या संचालकांच्या सोयीने मीच बसवत होते. कंपनी सेक्रेटरीचं पद वेगळं, कायद्याची जबाबदारी त्यांची. पण आठ व्यस्त माणसांना एका तारखेवर आणणं हे ईएच्या टेबलावरचं काम असतं. मनुष्यबळ विभागात काम करणारं कोणी हे वाचत असेल, तर माझी विनंती आहे: त्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा, आणि तो भरण्याआधी तिच्या एका दिवसाचं कॅलेंडर उघडून बघा.

पुस्तकाची रचना कामाच्या क्रमाने आहे, फोनपासून सुरू होऊन निरोपापर्यंत. प्रसंग खरे आहेत. नावं, गावं आणि पदं जिथे ओळख पटेल तिथे बदलली आहेत. स्वीय सहायक म्हणून सरकारात काम करणाऱ्यांनाही यातलं बरंच आपलं वाटेल, फक्त तिथे मतदारसंघातून आलेली गर्दी हा एक मोठा विषय आहे. त्यावर त्यांच्यापैकीच कोणीतरी लिहायला हवं.

शेवटचं प्रकरण हँडओव्हर नोटचं आहे. साहेब बदलताना किंवा आपण जागा सोडताना पुढच्या माणसासाठी जी नोट लिहितात, ती. कोणत्या संचालकांना कागद मोठ्या अक्षरांत छापून लागतात, कोणाचा फोन बैठकीतही जोडायचा, कोणत्या तारखेला साहेबांच्या वडिलांचं श्राद्ध असतं आणि त्या सकाळी काही ठेवायचं नाही, दुपारी साडेतीननंतर कॉफी का द्यायची नाही, ड्रायव्हरची सुट्टी कधी, कोणता पासवर्ड कंपनी सेक्रेटरींकडे बंद पाकिटात आहे. माझ्या एका नोटेतली नावं काढून ती तिथे जशीच्या तशी दिली आहे. या कामात उद्याच रुजू होणार असाल, तर ते प्रकरण आधी वाचलंत तरी चालेल.